खारट वेगळं, खार वेगळा

गेल्या दिवाळीत कृष्णाकाठच्या गावी गेलो तेव्हा मामांनी फराळाच्या ताटाशेजारी माती परीक्षणाचा कागद आणून ठेवला. "तू सायन्स शिकलायस ना, मग हे वाच आणि सांग." कागदावरचे दोन आकडे त्यांनी पेनाने गोल केले होते. सामू ९.१. विद्युत वाहकता ०.७. खाली शेरा होता, 'जमीन चोपण', म्हणजे खार चढून बिघडलेली.

मामांची तक्रार साधी होती. शेजारच्या रानात मीठ फुटलंय, मातीवर पांढरी साय धरल्यासारखी दिसते. त्याच्या कागदावर वाहकता पाचाच्या वर आणि सामू ८.१. आमच्या रानात मिठाचा कण दिसत नाही, वाहकताही कमी. तरी साहेब म्हणतात, त्याची जमीन लवकर सुधारेल, तुमची अवघड आहे. "मीठ कमी आणि खार जास्त, हे कसं काय रे?"

मी तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो फक्त मातीचा नव्हता. बोअरच्या पाण्याचं टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जास्त निघालं की लोक विचारतात, म्हणजे पाणी ॲसिडिक आहे का? 'अल्कलाइन पाण्या'च्या मशीनची जाहिरात आली की विचारतात, त्यात क्षार असतात का? २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही तेच. खारट म्हणजे आम्ल, आम्लारी की यातलं काहीच नाही?

घोळ आपल्या शब्दातच आहे

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, किंवा शाळेच्या पुस्तकाचा म्हणा. घरात आपण पापडखार म्हणतो, टाकणखार म्हणतो. आयुर्वेदात आघाड्याचा क्षार, क्षारसूत्र. या सगळ्या ठिकाणी खार किंवा क्षार म्हणजे झोंबणारी, बुळबुळीत लागणारी, आंबटाच्या उलट स्वभावाची वस्तू. पण शाळेत गेलं की 'क्षार' हा शब्द कोणत्याही विरघळणाऱ्या लवणासाठी येतो. साधं मीठ हा क्षार, तुरटी हाही क्षार. मग 'क्षारयुक्त पाणी' म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात.

म्हणून इथे एकदाच ठरवून घेऊ. आंबट बाजूची वस्तू ती आम्ल. बुळबुळीत, साबणासारख्या बाजूची ती आम्लारी. या दोघांचा संयोग होऊन जे तयार होतं तो क्षार. आणि पाणी कोणत्या बाजूला किती कललंय, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू, ज्याला इंग्रजीत पीएच म्हणतात. शेतीखात्याच्या कागदावर सामू हाच शब्द छापलेला असतो आणि तो छोटा, सुटसुटीत आहे, म्हणून मी तोच वापरणार.

सामू नेमकं काय मोजतो

पाण्याचा रेणू म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की शुद्ध पाण्यातही अधूनमधून एखादा रेणू फुटतो. त्यातला एक हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे टाकून निघतो आणि मागे राहतो हायड्रॉक्साइड. अशा विद्युतभारित तुकड्यांना आयन म्हणतात. हे फुटणं किती दुर्मिळ? २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या जवळ होती. असे पाच महाराष्ट्र एका मैदानात उभे केले आणि त्यातल्या एकाच माणसाने टोपी काढून ठेवली, एवढंच ते प्रमाण.

पण पाण्याचा आंबटपणा त्या एका टोपीवर ठरतो. सुटे हायड्रोजन जास्त झाले की पाणी आम्ल, सुटे हायड्रॉक्साइड जास्त झाले की आम्लारी, दोन्ही सारखे असले की उदासीन. हे आकडे इतके बारीक असतात की लिहिताना दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. म्हणून १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत, सोरेन सोरेनसेन या शास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली. ती शून्यं मोजते. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी.

या मोजपट्टीची एक खोड लक्षात ठेवायला हवी. तिची प्रत्येक पायरी दहापटीची आहे. सामू ८ आणि सामू ९ यांत फरक एकाचा दिसतो, पण सुटे हायड्रोजन दहापट कमी झालेले असतात. मामांच्या कागदावरचा ९.१ आणि शेजाऱ्याचा ८.१ हा असा दहापटीचा फरक आहे.

मिठाने काय होतं? जवळजवळ काहीच नाही

पाण्यात मीठ टाकलं की ते सोडियम आणि क्लोराइड अशा दोन आयनांत सुटतं. पाणी खारट होतं, त्यातून वीज सहज वाहू लागते, म्हणजे वाहकता वाढते. सामू मात्र सातच्या आसपास राहतो. चमचाभर घाला नाहीतर मूठभर.

कारण समजायला क्लोराइडचं घराणं पाहावं लागेल. क्लोराइड आलं हायड्रोक्लोरिक आम्लातून. हे आम्ल हाताचं सढळ आहे. आपला हायड्रोजन ते पाण्यात पडताच देऊन टाकतं आणि पुन्हा त्याची आठवणही काढत नाही. असं ज्याने एकदा दिलं ते सोडलं, ते क्लोराइड पाण्याकडे हायड्रोजन मागायला जात नाही. सोडियमचंही तसंच. तो कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या, घराण्यातला, त्यालाही हायड्रॉक्साइडचं काही पडलेलं नाही. दोघंही पाण्यात नुसते फिरत राहतात. पाणी गजबजतं, पण त्या एका टोपीचा हिशेब बिघडत नाही.

इथे कोणीतरी मीटर घेऊन उभा राहील आणि म्हणेल, मी मीठ टाकलं तेव्हा आकडा हलला होता. खरं आहे, थोडा हलतो. पाण्यात आयनांची गर्दी झाली की सुटा हायड्रोजन त्या गर्दीत अडकतो, त्याला पूर्वीसारखं मोकळं वागता येत नाही आणि मीटरला त्याचा वावर वेगळा भासतो. समुद्राचा सामू मोजणाऱ्यांना म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यात तुमच्या घरचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आधीच थोडं आम्ल झालेलं असतं. स्वच्छ हवेतून पडणाऱ्या पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. पण हे सगळे किरकोळ धक्के. पुढे जे येतंय त्याच्यापुढे ते काहीच नाहीत.

चिक्कू आम्ल आणि त्याचं मागून घेणं

आता मिठाऐवजी धुण्याचा सोडा घ्या. तोही क्षारच, सोडियम कार्बोनेट. दिसायला मिठासारखाच पांढरा. पाण्यात टाकलात की सामू ११ च्या घरात जातो.

सोडियम तर तोच. फरक दुसऱ्या अर्ध्यात आहे. कार्बोनेट आलं कार्बोनिक आम्लातून, म्हणजे सोडावॉटरमधल्या त्या मवाळ आम्लातून. मवाळ आम्ल म्हणजे चिक्कू आम्ल. हायड्रोजन सहजी सोडत नाही, आणि सोडावाच लागला तर संधी मिळताच परत घेतं. कार्बोनेट हे त्याचं हायड्रोजन गमावलेलं रूप. ते पाण्यात पडलं की समोर दिसेल त्या पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन ओढून घेतं. ज्याच्याकडून ओढलं त्या रेणूचं उरतं काय? हायड्रॉक्साइड. आणि सुटं हायड्रॉक्साइड वाढलं म्हणजे पाणी आम्लारी. सोड्याने स्वतः हायड्रॉक्साइड आणलेलं नसतं, त्याने पाण्यालाच ते करायला भाग पाडलेलं असतं.

खायचा सोडा याचाच मवाळ भाऊ, बायकार्बोनेट. त्याला एक हायड्रोजन आधीच परत मिळालेला असतो, त्यामुळे ओढ कमी. त्याच्या पाण्याचा सामू ८.३ च्या आसपास असतो. पण तेच पाणी बराच वेळ उकळा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, खायच्या सोड्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होत जातो आणि सामू चढतो. छोले शिजताना सोडा जास्त पडला की साबणासारखी चव का येते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

हे घरी पाहायचं असेल तर मीटर लागत नाही. हळद पुरते. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात घडलेलं असतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. कागदाच्या पट्ट्यांना हळदीचं पाणी लावून वाळवा. एक पट्टी मिठाच्या पाण्यात बुडवा, पिवळीच राहील. दुसरी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लालभडक. दोन्ही पाण्यांत चमचा मोजून तेवढाच क्षार टाका, म्हणजे 'किती'चा प्रश्नच उरणार नाही. सोड्याच्या पाण्यात हात घालू नका, घातलाच तर लगेच धुवा.

तुरटी, नवसागर आणि उलटी दिशा

सगळेच क्षार पाणी आम्लारी करतात असंही नाही. मघाची लाल झालेली पट्टी तुरटीच्या पाण्यात धरा. पुन्हा पिवळी होईल. तुरटी हाही क्षार, पण तिचं पाणी चांगलं आंबट असतं. जीभ लावली तर आंबटतुरट लागतं, उगाच नाही.

इथे दांडगाई करतो तो ॲल्युमिनियम. त्याच्यावर तीन धनभार असतात. पाण्याचे रेणू त्याच्याभोवती कोंडाळं करून चिकटतात आणि तो त्यांच्या ऑक्सिजनला इतका स्वतःकडे खेचतो की बिचाऱ्यांच्या हायड्रोजनवरची पकड सैल पडते. हायड्रोजन सुटतो, पाणी आम्ल होतं. मागे उरतो तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट कापसासारखा पुंजका. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवतो तेव्हा गाळ खाली बसतो तो याच पुंजक्यांना चिकटून.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा केंद्रातली तुरटी आपल्या दाढीच्या तुरटीपेक्षा थोडी वेगळी असते, ॲल्युमिनियम सल्फेटची, पण काम तेच. तिथल्या माणसाला आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. सुटलेले हायड्रोजन नदीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट गिळून टाकतं. दर मिलिग्रॅम तुरटीमागे चुनखडीच्या हिशेबात साधारण अर्धा मिलिग्रॅम एवढं ते खर्ची पडतं. भर पावसाळ्यात पाणी आधीच पावसाचं, म्हणजे बायकार्बोनेट कमी, आणि गाळ जास्त म्हणून तुरटीही जास्त. मग सामू घसरतो, तुरटीचं काम बिघडतं आणि पाण्यात चुना मिसळावा लागतो.

नवसागराचीही हीच जात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. इथे आम्लाचं घराणं सढळ आणि आम्लारीचं, म्हणजे अमोनियाचं, मवाळ. त्यामुळे पाणी आम्ल बाजूला कलतं, सामू पाचाच्या आसपास. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर नवसागर टाकतो, तो नाकात जाणारा धूर उठतो आणि तांब्यावरचा काळा थर निघून कथिल बसायला जागा होते. तिथे उष्णतेने नवसागर फुटून आम्लच बाहेर पडलेलं असतं. माझ्या लहानपणी दारात बसणारा कल्हईवाला हे काम करायचा. घराण्यांची ही भांडणं त्याला पुस्तकाशिवाय माहीत होती.

तर हिशेब असा. क्षाराचे दोन अर्धे. आम्लाकडून आलेला अर्धा मवाळ घराण्यातला असेल तर पाणी आम्लारी होतं. आम्लारीकडून आलेला अर्धा मवाळ असेल तर आम्ल. दोघंही बलवान घराण्यांतले असले तर पाणी होतं तसं. दोघंही मवाळ असले तर ज्याची ओढ जास्त, त्याची सरशी.

तीन पाणी: समुद्र, मृत समुद्र, लोणार

ही गोष्ट 'किती'ची नाही हे पटवायला तीन पाणसाठे शेजारी ठेवतो.

अरबी समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि सामू ८.१ च्या आसपास. पश्चिम आशियातल्या मृत समुद्रात दर किलोमागे तीनशे ग्रॅमांहून जास्त क्षार, माणूस बुडत नाही असं ते पाणी, आणि सामू सहाच्या जवळ, म्हणजे किंचित आम्ल बाजूला. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. पाऊसपाणी चांगलं असलेल्या वर्षांत ते समुद्रापेक्षा कितीतरी कमी खारट असतं, पण सामू दहाच्या आसपास. समुद्राच्या मानाने त्यात सुटे हायड्रोजन सुमारे ऐंशी पटीने कमी.

सर्वांत खारट ते सर्वांत आंबट, आणि जे त्यामानाने गोडं तेच सर्वांत आम्लारी. मृत समुद्रात सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांची क्लोराइडं भरलेली आहेत आणि कार्बोनेटला तिथे जवळजवळ थारा नाही. समुद्रात बहुतेक साधं मीठ, कार्बोनेट घराण्याचा वाटा थोडा, पण सामू आठाच्या वर ठेवण्याइतका. लोणारात मात्र धुण्याच्या सोड्याचंच राज्य.

लोणारचं हे वैशिष्ट्य रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी लोकांनी ओळखलं होतं. आईन-ए-अकबरीत या भागात काच आणि साबण करायला लागणारं द्रव्य मिळतं असा उल्लेख आहे. एवढ्यावरूनच तळ्यात काय आहे ते कळतं. मिठागराच्या मिठाचा साबण कोणी करत नाही. काच आणि साबण करायचा तर सोडा लागतो. तळ्याकाठी जमणाऱ्या खाराला तिथे पापडी, दल्ला, खुप्पल अशी नावं होती, आणि पापडातही तो जायचा.

पण हा सोडा तिथे आला कुठून? उल्केच्या आघाताने झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे, काळ्या बेसॉल्ट खडकातलं. काठावर धारेसारखे गोड्या पाण्याचे झरे आहेत. ते पाणी लोक पितात, पिढ्यान्‌पिढ्या पितात. गोडं पाणी उतारावरून खाली जातं आणि तळ्यात पोचल्यावर खार होतं. तळ्यातून बाहेर जाणारा ओढा नाही. पाण्याला जायला एकच वाट, वर, वाफ होऊन.

बेसॉल्टवरून झिरपणारं पावसाचं पाणी खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम थोडं थोडं घेऊन येतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यात बायकार्बोनेटही असतं. आता तळ्यात पाणी आटू लागलं की सगळेच दाटीवाटीने जवळ येतात. अशा वेळी कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची जोडी सर्वांत आधी जमते. चुनखडी होऊन ती तळाशी बसते. लग्नाच्या हॉलमधून एकेक जोडपं निघून जावं तसं कॅल्शियम हे कार्बोनेटला घेऊन बाहेर पडतं. मग प्रश्न उरतो, आधी कोण संपलं?

सगळं नशीब या एका वळणावर ठरतं. कॅल्शियम जास्त असेल तर कार्बोनेट आधी संपतं. उरतं सोडियम, क्लोराइड आणि शिल्लक कॅल्शियम. तळं खारट होतं, आम्लारी होत नाही. कार्बोनेट जास्त असेल तर कॅल्शियम आधी संपतं. हॉलमध्ये उरतं शिल्लक कार्बोनेट आणि त्याच्यासोबत सोडियम. ही जोडी पाण्यात सहज विरघळते, खाली बसत नाही, आणि दर उन्हाळ्याला आणखी दाट होते. हेच सोडियम कार्बोनेट, हाच धुण्याचा सोडा. झऱ्याच्या गोड्या पाण्यात बायकार्बोनेटचं पारडं कॅल्शियमपेक्षा जरासं जड होतं, एवढ्या क्षुल्लक फरकावर लोणारचं लोणार झालं. मला ही गोष्ट दर वेळी थक्क करते. तोंडात धरल्यावर जिभेला कळणारही नाही असा तो फरक.

२०२० चा गुलाबी रंग आला तो पाणी आटून क्षार दाटल्यावर वाढलेल्या हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तसं सांगितलं. तो रंग खारटपणाच्या वाढीचा होता, सामूच्या नव्हे. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ झाली होती.

टीडीएस मीटर सामू सांगतो का?

नाही. घराघरांतलं ते पेनासारखं मीटर पाण्याची वाहकता मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. मिठाचं, सोड्याचं आणि तुरटीचं अशी तीन पाणी त्याला सारखीच वाटू शकतात, सामूने मात्र ती सात, अकरा आणि तीन-साडेतीन अशी तीन टोकांना असतील.

म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेत. टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. सामू ६.५ ते ८.५. टीडीएसमध्ये सवलत दिली, सामूमध्ये दिलेली नाही.

मग अल्कलाइन पाण्याचं मशीन?

इथे आणखी एक शब्द लागेल, क्षारता. सामू हा आकडा आहे, क्षारता हा दम आहे. शुद्ध पाण्याच्या बादलीत कॉस्टिकचा अगदी बारीक कण टाकला तरी सामू दहावर जाईल. पण त्यात लिंबू पिळलंत की सगळं संपलं. त्या पाण्यात दम नाही. लोणारच्या पाण्याचा सामूही दहाच, पण तिथे बादलीत लिंबामागून लिंबं पिळत बसावं लागेल, कारण कार्बोनेट येणारा प्रत्येक हायड्रोजन गिळत राहतं. ही गिळण्याची ताकद म्हणजे क्षारता. लोणारात शुद्ध पाणी ओतून पाणी दुप्पट केलं तरी सामू ०.३ इतकाही उतरणार नाही.

मशीनच्या पाण्याचा सामू नऊ असेलही. ते घशातून खाली उतरतं ते जठरात, जिथे सामू दीड ते साडेतीन. आणि रक्ताचा सामू तर शरीर ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात स्वतःच धरून ठेवतं, रक्तातल्या बायकार्बोनेटने, फुप्फुसांनी आणि मूत्रपिंडांनी. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीतलं मिठाचं पाणी किंचित आम्ल असतं, सामू सातच्या खालीच, आणि ते थेट शिरेत जातं. रक्ताला पत्ताही लागत नाही, कारण त्या पाण्यात दम नसतो. पैसे खर्च करायचे तर करा, पण त्या नऊच्या आकड्यासाठी करू नका.

मामांच्या रानातलं छोटं लोणार

आता मामांचा कागद. शेजाऱ्याच्या रानात साधी लवणं साठलीत, बहुतेक क्लोराइडं आणि सल्फेटं. सढळ घराण्यांची. वाहकता वाढवतात, सामू फारसा हलवत नाहीत. पिकाला पाणी ओढता येत नाही हा त्रास खराच, पण चर काढून चांगल्या पाण्याने धुऊन काढली की ती जातात.

मामांच्या रानात घडलंय ते लोणारचं नाटक, एकराच्या रंगमंचावर. बोअरचं पाणी प्यायला गोडं, पण त्यात बायकार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त. उसाला वर्षानुवर्षं ते पाटाने दिलं. पाणी उडून गेलं, कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन मातीत बसलं, आणि सोडियम उरलं, कार्बोनेटसोबत. पाणी तपासणीच्या कागदावर यासाठी वेगळा आकडाच असतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणाऱ्या कार्बोनेटचा. तो लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (आयनांचा भार धरून मोजायचं एकक) आत असेल तर निर्धास्त, २.५ च्या वर गेला तर ते पाणी शेताला देऊ नये. मामांनी माती तपासली होती, पाणी कधीच तपासलं नव्हतं.

मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड. वर पाणी तुंबतं, खाली मूळ कोरडं.

उपाय म्हणून जिप्सम सांगतात. मामांना ते पटत नव्हतं. "आधीच खार, त्यात आणखी क्षार टाकायचा?" जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, क्षारच. पण तो टाकला की त्यातलं कॅल्शियम मातीतल्या कार्बोनेटला घेऊन चुनखडी होतं आणि उरलेलं सोडियम हे सल्फेटच्या गळ्यात पडतं. सल्फेट सढळ घराण्याचं. सामू उतरतो आणि मामांचं रान काही काळ शेजाऱ्याच्या रानासारखं होतं, वाहकता थोडी वाढते. ती वाढलेली पाहून घाबरून थांबायचं नाही, पुढे चरातून ते धुऊन काढायचं. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर असते, तिथे गंधकही चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल पडलेल्या चुनखडीतूनच कॅल्शियम सोडवून घेतं. जागच्या जागी जिप्सम.

हे सगळं मी मामांना परवा फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आधी चर मारायचा, मग जिप्सम?" हो म्हटलं. चर नसेल तर धुऊन काढलेलं जाणार कुठे. "मग शेजाऱ्याशी बोलावं लागंल. चराचं पाणी त्याच्याच बांधावरनं जातंय."